इंग्रजी गांवांचीं नांवें

मँचेस्टरचें कापड एके काळीं महाराष्ट्रांतील बाजारांत सर्रास विकलें जाई. पण त्या नांवांतील ‘चेस्टर’ हें काय प्रकरण आहे, याची चौकशी कापड घेणारानें क्वचितच केली असेल. इ. स. ४३ मध्यें रोमन सैन्य ब्रिटन जिंकावयास उतरलें. लष्करी तळास लॅटिन भाषेंत ‘कास्त्रा’ म्हणत. रोमन निघून गेले, तळ ओस पडले. मागून आलेल्या सॅक्सनांनीं तोच शब्द आपल्या जिभेस बसेल तसा वळवून घेतला. तो कोठें मँचेस्टरमध्यें दिसतो, कोठें लँकॅस्टरमध्यें. आणि ग्लॉस्टरमध्यें तर इतका झिजला आहे कीं, लिहिलेलीं कांहीं अक्षरें वाचणारास गिळावींच लागतात.

नद्यांचीं नांवें याहूनहि जुनीं. वेल्श भाषेंत नदीस ‘आव्हॉन’ म्हणतात. सॅक्सनांस पूर्वींच्या रहिवाशांचा हा शब्द विशेषनाम वाटला. म्हणून आज ‘एव्हन नदी’ म्हणणारा मनुष्य ‘नदी नदी’ असेंच म्हणत असतो!

यॉर्कची कथा मोठी मौजेची आहे. ‘एबोराकुम’ हें रोमन काळांतील नांव ऐकून सॅक्सनांस आपल्या भाषेंतील रानडुकराचा शब्द आठवला व त्यांनीं त्याचें ‘एओफोरविक’ केलें. पुढें डेन लोकांनीं ‘योरविक’ केलें. डुकराचा त्या गांवाशीं मूळचा कांहीं संबंध नव्हता. यास्तव आजच्या रूपावरून अर्थ लावूं नये. १०८६ च्या डूम्सडे बुकासारख्या जुन्या दप्तरांत नांव कसें लिहिलें आहे, तें आधीं पाहावें.

नवव्या शतकांत डेन लोकांनीं उत्तरेस व पूर्वेस वस्ती केली. त्यांच्या भाषेंत ‘बी’ म्हणजे गांव व ‘थॉर्प’ म्हणजे वाडी. ग्रिम्झबी म्हणजे ग्रिमचें गांव. डार्बीस तर सॅक्सनांचें निराळेंच नांव होतें. तें पुसून हें बसलें.

बोलींतहि तीच खूण उमटली. दक्षिणेकडे ज्यास ‘ब्रुक’ म्हणतात, त्या ओढ्यास यॉर्कशायरचा शेतकरी ‘बेक’ म्हणे. असल्या शब्दांबद्दल इंग्लंडांतील शाळांतून मुलांस दीर्घकाळ दटावण्यांत येई. दटावणाऱ्या पंतोजींच्या स्वतःच्या तोंडचा ‘दे’, म्हणजे ‘ते लोक’ या अर्थाचा शब्द, त्याच परक्यांनीं दिलेला आहे, हें त्यांस कोणीं सांगितलें नसावें. १९५० ते १९६१ या काळांत लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनीं ३१३ ठिकाणीं आपलीं माणसें धाडून, मुख्यतः खेड्यांतील वृद्धांस, तेराशेंहून अधिक प्रश्न विचारविले. ज्या शब्दांपायीं त्या वृद्धांनीं लहानपणीं शाळेंत बोलणीं खाल्लीं असतील, तेच शब्द आतां विद्यापीठाचे लोक त्यांच्या दारीं बसून वहींत उतरून घेत होते.