पथ्याचा कागद

रुग्णालयातून घरी परतणाऱ्या रोग्याच्या हाती औषधांच्या चिठ्ठीबरोबर पुष्कळदा आणखी एक कागद दिला जातो. सकाळी काय घ्यावे, दुपारी किती भाकरी खाव्यात, मीठ कितपत चालेल, हे त्यावर लिहिलेले असते. घरची माणसे औषधाच्या चिठ्ठीला जो मान देतात तो या कागदाला देत नाहीत. कारण जेवणाखाण्यातले आपल्याला कळते, अशी प्रत्येकाची समजूत असते. ही समजूत किती महागात पडू शकते, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानी येईल.

आजाऱ्याला भेटावयास जाताना शहाळे नेण्याची आपल्याकडे रीत आहे. एरवी हितकारक असणारे हे पाणी मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या रोग्याला मात्र घातक ठरू शकते. त्यात पोटॅशियम भरपूर असते. निरोगी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम बाहेर टाकतात. दुबळ्या मूत्रपिंडांना ते साधत नाही. रक्तातील त्याचे प्रमाण वाढले की हृदयाची लय बिघडते आणि प्रसंग प्राणावर बेततो. रक्तदाबासाठी चांगले म्हणून मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठातही सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेले असते. तात्पर्य, अमुक पदार्थ चांगला आणि तमुक वाईट, असे सरसकट विधान आहारशास्त्राला मान्य नाही. कोणासाठी, किती आणि कोणत्या अवस्थेत, हे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे देऊ शकतो, तो आहारतज्ज्ञ.

या शास्त्राचा आपल्या देशातील पाया १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे घातला गेला. तेथील पाश्चर संस्थेच्या एका खोलीत रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाचा अभ्यास आरंभिला. निरनिराळ्या प्रांतांतील आहार उंदरांना देऊन त्यांची वाढ कशी होते, हेही त्यांनी पुढे तपासले. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादेस गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तिने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे पृथक्करण दिले आहे. आहारतज्ज्ञाच्या हिशेबाला आधार असतो तो अशा कोष्टकांचा.

हा हिशेब शिकण्यास काही वर्षे लागतात. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ पासून, तर बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि मुंबईचे श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठ गेल्या अनेक दशकांपासून हे शिक्षण देत आहेत. पदवीच्या वर्गात शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि अन्नरसायन हे विषय असतात; त्यांच्याच जोडीला तराजू आणि चूलही असते. ३० ग्रॅम तांदूळ, तेवढेच गव्हाचे पीठ किंवा ज्वारीचे पीठ यांपासून प्रत्येकी सुमारे १०० कॅलरी मिळतात, हे विद्यार्थी स्वतः तोलून आणि शिजवून पाहतात. या ज्ञानाचे मोल पुढे कळते. कोकणातल्या माणसाचा भात, सोलापूरच्या माणसाची भाकरी किंवा इंदुरास स्थायिक झालेल्या कुटुंबाचे पोहे सोडावयास न लावता, त्यांचे माप बदलून पथ्य बसविता येते. जे पथ्य घरच्या स्वयंपाकात बसत नाही, ते चार दिवसांपलीकडे टिकत नाही.

पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण आणि मग रुग्णालयातील उमेदवारी. येथे खरी कसोटी लागते. रोग्याचे वजन, रक्ताचा अहवाल आणि औषधे पाहून झाल्यावर उमेदवार विचारतो, ‘काल दिवसभरात काय खाल्ले?’ रोगी दोन्ही वेळचे जेवण सांगतो. चहा मात्र विसरतो. दिवसाचे चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर सुमारे ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी, हिशेबाबाहेर राहतात. दोष न देता हा चहा आठवून देणे ही कला ग्रंथांतून येत नाही.

उमेदवारीनंतर इंडियन डाएटेटिक असोसिएशन या १९६३ साली स्थापन झालेल्या संस्थेची परीक्षा असते. ती उत्तीर्ण होणाऱ्यास नोंदणीकृत आहारतज्ज्ञ म्हणवून घेता येते. संसदेने २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्यातही आहारतज्ज्ञांचा समावेश असून राज्यवार नोंदवह्यांची तरतूद आहे.

नोंदवहीत नाव असल्याने कोणी सर्वज्ञ होत नाही. परंतु सल्ला देणाऱ्याने काय शिकले आहे आणि सल्ला चुकल्यास जाब कोणाला विचारावयाचा, हे तीमुळे ठरते. रोग्याच्या उशाशी शहाळे ठेवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण पथ्याच्या कामी केवळ चांगला हेतू पुरत नाही. म्हणून तो कागद हाती आल्यावर खालची सही वाचावी, आणि ती जाणकाराची असेल तर कागद औषधाच्या चिठ्ठीइतकाच जपावा.