ड्रायव्हरची झोप आणि आपली घाई

रमजान आणि लग्नसराई हे आम्हा कापडवाल्यांचे दोन मोठे हंगाम. वर्षभराचे भांडवल या दोन हंगामांतच मोकळे होते, उधारी फिटते आणि नोकरांचा बोनसही त्यातूनच निघतो. अशा दिवसांत सुरत, मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीहून निघालेला माल एक दिवस उशिरा आला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते, आणि एकदा गेलेले गिऱ्हाईक ईदच्या आत परत फिरत नाही. म्हणून गाडी कोठवर आली, किती वाजता पोहोचणार, ही चौकशी आपण सगळेच करतो. ती चौकशी ज्याच्यापर्यंत जाऊन पोहोचते, त्या ड्रायव्हरविषयी आज लिहावयाचे आहे.

बीडच्या व्यापाराचा भार पहिल्यापासून रस्त्यावरच आहे. परळीला रेल्वे जुनी आहे. परंतु बीड शहरातून प्रवासी रेल्वे सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, तीही अहिल्यानगरपर्यंत. आमच्या गाठी आजही ट्रक-टेम्पोनेच येतात. धुळे–सोलापूर महामार्ग गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा जिल्ह्यातून उभा जातो. खामगाव–पंढरपूर मार्ग माजलगाव, धारूर, केज असा जातो, व धारूरच्या घाटात उलटलेले वाहन कधी पाहिले नाही असा त्या भागातील व्यापारी विरळा. उसाचा हंगाम लागला की मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांची त्यात भर पडते. माल येतो तो याच रस्त्यांवरून, आणि बहुतेक वेळा रात्री.

२०१६ सालचा रमजान जून-जुलैमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर आला होता. ईदला तीन-चार दिवस राहिले असताना आमच्याकडील ड्रेस मटेरियल संपले. आम्ही सुरतेच्या आडत्याला फोन करून माल काढला आणि आमच्याच ओळखीच्या एका गाडीमालकाचा ४०७ टेम्पो, जो त्या दिवशी सुरतेतच होता, तो ठरवला. मालकाला आम्ही एकच अट घातली : सकाळी आठला माल दुकानात पाहिजे, नाही तर भाड्यातून कापून घेऊ.

ड्रायव्हर रोजेदार होता. पहाटे चारला सहरीसाठी उठलेला माणूस दिवसभर रिंग रोडच्या कापड मार्केटबाहेर गाडी लावून उभा राहिला, कारण पार्सले एकेक करून येत होती. संध्याकाळी सहाला गाडी हलली. इफ्तार त्याने रस्त्यातच खजूर आणि पाण्यावर केला. नवापूर, धुळे, कन्नडचा घाट, औरंगाबाद. रात्रीतून आम्ही त्याला पाच वेळा फोन केला. तरावीहनंतर एक, झोपण्यापूर्वी एक, बाकीचे झोप लागेना म्हणून. पाचव्या फोनला तो म्हणाला, “सेठ, आंखां लग रे, पाचोड में आधा घंटा पडतूं.” आम्ही म्हणालो, घरी येऊनच झोप, आता राहिले किती?

तेव्हा त्या महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम चालू होते व जागोजाग वळणरस्ते होते. गेवराईच्या अलीकडे अशाच एका वळणावर पहाटे सव्वाचारच्या सुमारास गाडी सरळ गेली आणि चारीत पडली. ड्रायव्हर हाताच्या फ्रॅक्चरवर वाचला. क्लीनर, एकोणीस वर्षांचा पोरगा, झोपेत होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

माल मात्र सहीसलामत होता. दुसऱ्या गाडीत भरून दुपारी दोनला दुकानात आला, आणि ईदच्या चांदरातीपर्यंत त्यातला बहुतेक विकलाही गेला. तो नफा आम्ही वहीत लिहिला. कोठल्या खात्यावर लिहावा, हे आजही कळलेले नाही.

अपघातानंतर सगळे ड्रायव्हरलाच बोलले. गाडीमालक बोलला, पोलीस बोलले, क्लीनरचे नातेवाईक बोलले. आम्हाला कोणी काही बोलले नाही. आमचे नाव फक्त बिल्टीवर होते, माल घेणार म्हणून.

या धंद्यात दबाव कसा खाली उतरतो, हे आपल्याला ठाऊक असूनही आपण तिकडे पाहत नाही. दुकानदार ट्रान्सपोर्टवाल्याला वेळ देतो, ट्रान्सपोर्टवाला तीच वेळ गाडीमालकाला देतो, मालक ड्रायव्हरला. प्रत्येक जण आपल्या पदरचा तास-दीड तास राखून वेळ सांगतो, म्हणून आपण आठ म्हटलेले ड्रायव्हरच्या कानी सहा होऊन जाते. त्यातून ड्रायव्हरचा पगार अनेक ठिकाणी महिन्यावर नसतो, फेरीवर असतो. जितक्या फेऱ्या तितके पैसे. परतीचे भाडे हुकले तर त्याचाच भत्ता कमी. माल भरण्यात आणि उतरवण्यात जे तास जातात त्याचे त्याला कोणी काही देत नाही. वास्तविक ते तास आपले व आडत्याचे असतात. आपण ते दिवसा मार्केटच्या दारात घालवतो आणि रात्री त्याच्या झोपेतून वसूल करतो.

हिशेब व्यापाऱ्याच्या भाषेतच मांडू. सुरत ते बीड सुमारे पाचशे किलोमीटर. भरलेला टेम्पो घाट, गावे, टोलनाके धरून ताशी ४५ पडला तर अकरा तास नुसते चालवण्याचे, जेवण-विश्रांतीचे तीन, म्हणजे चौदा. संध्याकाळी सहाला निघालेली गाडी सकाळी आठला आणायची तर वाटेत काहीच अडू नये आणि ड्रायव्हर ताजा असावा. तो ताजा कोठून असणार? मग तो विश्रांती तरी गाळतो किंवा वेग तरी वाढवतो. औरंगाबाद ते बीड १३० किलोमीटर ताशी ५० ऐवजी ६० ने काढले तर वाचतात सव्वीस मिनिटे. सव्वीस मिनिटांत आमचे दुकान झाडून होत नाही.

पुढे कन्नडच्या घाटात जड वाहनांना ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी झाली, मोठ्या गाड्यांना लांबचा वळसा पडला. रस्ता वाढला, आपण दिलेली वेळ मात्र तीच राहिली. तेव्हा किती व्यापाऱ्यांनी आपल्या ट्रान्सपोर्टवाल्याला ‘आता दोन तास जास्त धरा’ म्हणून आपणहून सांगितले असेल?

आता एक गोष्ट खास आपल्या समाजातील व्यापाऱ्यांसाठी. दारू पिऊन स्टेअरिंगवर बसणाऱ्याला आपल्यापैकी कोणीही आपला माल देणार नाही. आपल्याकडे कायद्याने रक्तातील दारूची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये असे दाखवले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात, डोळे आणि लक्ष यांची अवस्था १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखी होते. म्हणजे आपल्या मर्यादेच्याही पुढे. आमचा ड्रायव्हर त्या पहाटे चोवीस तास जागा होता. त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, आणि त्याला त्या अवस्थेला आम्ही नेले.

प्रवाशाला रोजा सोडून नंतर भरून काढण्याची सवलत पवित्र कुरआनने दिलेली आहे, हे आपल्या ड्रायव्हर बांधवांना माहीत असते; तरी बरेच जण रोजा धरतात, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग. त्यावर आम्ही काय बोलणार? पण माणूस रोज्याने आहे हे माहीत असताना त्याला रात्रीची धाव देणे, हे तर आपल्या हातात होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे की हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत, त्यांच्यावर झेपणार नाही असा भार घालू नका, आणि घातलाच तर त्यांना मदत करा. जुम्याच्या खुतब्यात ही हदीस आम्ही कितीदा ऐकली असेल. ती घरच्या नोकरापुरती आणि दुकानातल्या गड्यापुरती आहे असे आम्ही समजत होतो. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर आपल्या हाताखालचा कसा, तो तर मालकाचा!

कायदा मात्र असे म्हणत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम १८३ आपल्या व्यापाऱ्यांनी एकदा वकिलाकडून समजून घ्यावे. वेगमर्यादा मोडणारा चालक तर त्यात येतोच, पण आपल्या नोकरीतील वा ताब्यातील माणसाला ती मोडायला लावणाराही येतो. पुढे असेही म्हटले आहे की अमुक वेळेत पोहोच अशी सूचना दिली, आणि ती वेळ वेगमर्यादा न मोडता पाळणे शक्य नव्हते असे न्यायालयाचे मत झाले, तर ती सूचनाच सूचना देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. आमचे पाच फोन कोणी मांडले असते तर? मालकाने तरी आमच्याकडे बोट दाखवलेच असते.

कामाच्या तासांचे म्हणाल तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूकदारालाच लागू. ज्याच्या दारात एकच टेम्पो, त्याला कोण विचारतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या कामगार संहितेत सामावला गेला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण आपल्या गल्लीबोळांत येणाऱ्या छोटा हत्ती आणि पिकअपला तो नियम नाही.

ड्रायव्हरांनी एकदा गाड्या थांबवल्या होत्या, ते आठवत असेल. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या नव्या तरतुदीविरुद्ध १ व २ जानेवारी २०२४ ला बंद झाला आणि राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने चर्चा केली, व १ जुलै २०२४ ला नवी न्यायसंहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. पळून जाणे आम्ही योग्य म्हणत नाही. मात्र त्या दोन दिवसांत बाजारात जी बोलणी ऐकली त्यांत ‘माल अडला’ हेच होते.

शहरात आता मोटारसायकलवर पार्सल पोहोचवणारी आपलीच मुले दिसतात, त्यांचीही तीच तऱ्हा. अमेरिकेत डॉमिनोज कंपनीने अर्ध्या तासात पिझ्झा पोहोचवण्याची हमी एका अपघाताच्या खटल्यात मोठी भरपाई बसल्यावर १९९३ मध्ये मागे घेतली. आपण कशाची वाट पाहत आहोत, हे समजत नाही.

त्या क्लीनरच्या भरपाईत जे हाल झाले त्यातून एक व्यवहाराची गोष्ट आम्ही शिकलो, ती गाडीमालक बांधवांनी जरूर ध्यानात घ्यावी. गाडीचा विमा होता. पण तो मुलगा गाडीवर नोकर असल्याचा एकही कागद नव्हता. ना हजेरी, ना पगाराची सही. सगळा पगार हातोहात. नोकरी सिद्ध करण्यातच दोन वर्षांहून अधिक काळ गेला. वहीत नाव, महिन्याची सही, शक्य तर पगार बँकेत; एवढ्यासाठी काही खर्च येत नाही.

आमच्यापुरते म्हणाल तर रमजानचा माल आता शाबानच्या पंधरा तारखेपर्यंत काढतो. व्याज देत-घेत नाही, त्यामुळे भांडवल महिनाभर आधी अडकते, ते सोसावे लागते. बिल्टीवर तारीख लिहितो, तास लिहीत नाही. भरायला चार तासांपेक्षा जास्त लागले तर ड्रायव्हरला थांबण्याचे वेगळे पैसे देतो आणि ते आडत्याशी निम्मे करून घेतो. आडत्याने पहिल्या वर्षी खूप कुरकुर केली. गोदामात एक खाट, गादी आणि पंखा ठेवला आहे. चालत्या गाडीवर फोन करावयाचा नाही, अशी पोरांना ताकीद आहे. ती आम्ही स्वतः दोनदा मोडली, हेही सांगितले पाहिजे. शेजारच्या एका दुकानदाराने हे ऐकून ‘तुमची गिऱ्हाइके आम्हाला पाठवा’ अशी थट्टा केली. काही गिऱ्हाइके गेलीही.

तो मुलगा आता आमच्याच काउंटरवर बसून थान मोजतो. गेल्या हंगामात सुरतेची गाडी शहागडच्या ढाब्यावर तीन तास उभी राहिली, कारण ड्रायव्हरला झोप आली. दुकानात एक लग्नघर माप घेऊन बसले होते. आम्ही चहा मागवला, आणि गाडी कोठवर आली असेल म्हणून फोनकडे पाहिले, तेव्हा त्या मुलाने फोन उचलून गल्ल्यात ठेवला.