कोरें राहिलेलें पान

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीं रोजनिशी लिहावयास घेणारे विद्यार्थी पुष्कळ. परंतु फेब्रुवारीपर्यंत ती चालविणारे थोडे. ह्याचें कारण आळस, असें वडील मंडळी म्हणतात. आमच्या मतें पुष्कळदां दोष असतो तो निर्दोषतेच्या हट्टाचा. चार तारखेस घरीं पाहुणे आले, पान कोरें राहिलें. आतां क्रम मोडलाच, पुढें लिहून काय उपयोग, असें मनानें घेतलें कीं वही माळ्यावर गेलीच!

एका दिवसाच्या खंडानें क्रम खरोखरच मोडतो काय? लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनीं ९६ जणांच्या सवयी १२ आठवडे पाहिल्या; त्याचा वृत्तांत २०१० सालीं छापला गेला. दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ खाणें, असें एखादें लहानसें काम प्रत्येकानें रोज ठराविक प्रसंगीं करावयाचें होतें. तें अंगवळणीं पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागले. कोणास १८, तर कोणास, गणितानें पुढें मोजतां, २५४. परंतु एखादी खेप चुकल्यानें सवय जडण्यास म्हणण्यासारखी बाधा आली नाहीं. (रोजच चुकावें, असा अर्थ मात्र कोणीं घेऊं नये!)

तेव्हां रात्रीं जेवून उठल्यावर रोजनिशी उघडावी. दोन ओळी पुरेत. राहिलेलें पान मागाहून भरीत बसूं नये, त्या दिवशींची तारीख घालून पुढें लिहावें. पालकांनींही कोऱ्या पानाबद्दल जाब न विचारतां त्यापुढचें पान लिहिलेलें आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावें.