जुना आजार आणि उतारवयातला आरोग्यविमा

मागच्या व्याख्यानात आपण विम्याची रक्कम किती असावी ते पाहिलं. आज त्याहून नाजूक प्रश्न घेऊ. वय ६६, दहा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू. अशा माणसाने पॉलिसी निवडायची कशी? बरेच जण आधी हप्ता बघतात. आपण तो शेवटी बघू.

पहिली गोष्ट, आजार लपवायचा नाही. ‘काका, शुगर लिहू नका, हप्ता वाढेल,’ असं सांगणारे भेटतात. पण रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘दहा वर्षांपासून मधुमेह’ हे लिहिलं जातंच, आणि दाव्याच्या वेळी कंपनी तोच कागद मागते. तिथे दावा तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. वाढीव हप्ता त्यापेक्षा स्वस्त.

दुसरी गोष्ट, प्रतीक्षाकाळ. आधीपासूनच्या आजारासाठी तो पूर्वी ४८ महिन्यांपर्यंत असे. एप्रिल २०२४पासून जास्तीत जास्त ३६ महिने. काही पॉलिसींत जादा हप्ता भरून तो कमी करता येतो. आणि घरात जुनी पॉलिसी असेल तर ती सोडू नका. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्ट करा, म्हणजे पूर्ण केलेली वर्षं वाया जात नाहीत.

तिसरी गोष्ट, को-पे. म्हणजे बिलातला आपला वाटा. ३ लाखांच्या बिलावर २० टक्के को-पे असेल तर ६० हजार आपल्या खिशातून. शिवाय खोलीभाड्याची मर्यादा बघा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर डॉक्टरांच्या फीसारख्या खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते.

वय ७० किंवा अधिक असेल तर आयुष्मान कार्ड आधी काढा. ऑक्टोबर २०२४पासून त्याला उत्पन्नाची अट नाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, आणि जुन्या आजाराला पहिल्या दिवसापासून संरक्षण. फक्त आपल्या जवळचं रुग्णालय योजनेत आहे का, ते आधीच विचारून ठेवा.

पॉलिसी हातात आली की कपाटात ठेवू नका. सांगितलेला प्रत्येक आजार तिच्यात नोंदला आहे का, हे चष्मा लावून वाचा. नसेल तर लगेच लेखी कळवा. पटलं नाही तर ३० दिवसांत ती परत करता येते.