गेम कन्सोलचा मदरबोर्ड कापून तळहातावरचे खेळयंत्र

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्यासाठी बनवलेला गेम कन्सोल प्रवासातही हातात धरून खेळता यावा, यासाठी त्याचा मदरबोर्ड कापून लहान करण्याचा छंद अमेरिकेत आणि इतर काही देशांत गेल्या दोन दशकांत रुजला आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २००६ साली बाजारात आणलेला ‘वी’ हा कन्सोल या कामासाठी विशेष पसंतीचा ठरला आहे. वरवर पाहता ही चांगल्या यंत्राची मोडतोड वाटते. मात्र यंत्राचा कोणता भाग अनिवार्य आणि कोणता केवळ सोयीचा, याचे नेमके ज्ञान असल्याखेरीज हे काम साधत नाही, कारण एकदा कापलेला बोर्ड पुन्हा जोडता येत नाही.

घरगुती कन्सोल हातात मावेल असा करण्याची कल्पना नवी नाही. सेगा कंपनीने १९९५ साली आपल्या ‘जेनेसिस’ या कन्सोलचे ‘नोमॅड’ नावाचे हातातले रूप विक्रीस आणले होते. त्यात सहा पेन्सिल सेल लागत आणि ते थोड्याच तासांत संपत. छंद म्हणून हे काम लोकप्रिय करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी अमेरिकेतील बेंजामिन हेकेनडॉर्न यांच्याकडे जाते. त्यांनी जुन्या ‘अटारी २६००’ या कन्सोलपासून हातात धरता येणारी यंत्रे तयार केली. जुन्या कन्सोलचे असे रूपांतर कसे करावे, याची माहिती देणारे त्यांचे पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झाले.

काय राखायचे, काय काढायचे

वी कन्सोलची पेटी सुमारे २१ सेंटिमीटर लांब, १६ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर जाड आहे. आतील मदरबोर्डचा मोठा भाग वीजपुरवठ्याची मंडले, जोडण्यांचे सॉकेट आणि डिस्क ड्राइव्हची जोडणी यांनी व्यापलेला असतो. खेळ चालवण्याचे खरे काम मोजक्याच चिप करतात. ७२९ मेगाहर्ट्झ वेगाचा ‘ब्रॉडवे’ हा मुख्य प्रोसेसर, २४३ मेगाहर्ट्झ वेगाची ‘हॉलीवूड’ ही चित्रप्रक्रियेची चिप, ६४ मेगाबाइटची स्मृती, ५१२ मेगाबाइटची फ्लॅश मेमरी आणि या सर्वांना ताल देणारे घड्याळाचे मंडल, एवढेच भाग अत्यावश्यक होत.

हे भाग बोर्डवर एकमेकांना खेटून बसवलेले असतात. अतिवेगवान विद्युत संदेशांना लांबचा मार्ग मानवत नाही. त्यामुळे प्रोसेसर आणि स्मृती यांच्यातील तांब्याच्या वाटा शक्य तितक्या आखूड ठेवाव्या लागतात. अभियंत्यांनी वेगासाठी केलेली ही मांडणी छंदिष्टांच्या पथ्यावर पडली. मधला गाभा राखून कडेचा भाग काढून टाकता येतो, तो यामुळेच.

फ्लॅश मेमरीच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते. तिच्यातील माहिती प्रत्येक कन्सोलच्या स्वतंत्र गुप्त किल्लीने बंद केलेली असते आणि ती किल्ली ‘हॉलीवूड’ चिपमध्ये कायमची कोरलेली असते. साहजिकच एका कन्सोलची फ्लॅश मेमरी दुसऱ्यास लावून काम भागत नाही. म्हणून कटर हाती घेण्यापूर्वीच तिच्यातील माहितीची प्रत काढून ठेवली जाते. वाय-फाय आणि ब्लूटूथचे भाग काढून टाकल्यास मूळ प्रणाली अडून बसते. तिला त्यांच्याविना सुरू होण्यास राजी करणारे बदलही आधीच करावे लागतात.

कडेवरचा धोका

मदरबोर्ड म्हणजे काचतंतू आणि राळ यांच्या थरांमध्ये तांब्याचे पातळ पत्रे दाबून केलेला एक प्रकारचा पापुद्रा असतो. फिरत्या चकतीच्या कटरने तो कापला की कडेशी तांब्याचे सूक्ष्म कण एका थरावरून दुसऱ्या थरावर ओढले जातात. वीजवाहक थर आणि भूमीशी जोडलेला थर अशा रीतीने एकमेकांना टेकल्यास शॉर्टसर्किट होते. ते टाळण्यासाठी कापलेली कड आधी जाड्या आणि नंतर बारीक पॉलिश पेपरने घासून, थर स्वच्छ वेगळे दिसेपर्यंत गुळगुळीत केली जाते.

प्रत्येक टप्प्यावर मल्टिमीटरने वीजमार्ग आणि भूमी यांच्यातील रोध मोजला जातो. काही मार्गांचा रोध चांगल्या बोर्डवरही अगदी कमी असतो. नवख्या व्यक्तीस ते शॉर्टसर्किट वाटण्याचा संभव असतो. त्यामुळे कापण्यापूर्वीचे आकडे नोंदवून ठेवणे आणि नंतरचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहणे, हाच विश्वासार्ह उपाय ठरतो.

वीज, पडदा आणि उष्णता

मूळ कन्सोलला १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरने वीज मिळते. बोर्डवरील मंडले तिचे रूपांतर १, १.१५, १.८ आणि ३.३ व्होल्ट अशा निरनिराळ्या दाबांत करतात. ही मंडलेच कापली गेल्याने लिथियम बॅटरीवर चालणारी नवी, लहान मंडले बाहेरून जोडावी लागतात. येथे तारेची जाडी आणि लांबीही महत्त्वाची असते. तारेतच एक दशांश व्होल्ट खर्ची पडला, तर १ व्होल्टच्या मार्गावर तो तब्बल १० टक्क्यांचा तोटा होतो आणि यंत्र मधूनच बंद पडते.

डिस्क ड्राइव्ह राहत नसल्याने खेळ यूएसबी मेमरीवरून चालवले जातात. स्वतःच्या डिस्कची अशी प्रत काढण्याविषयी प्रत्येक देशाचा कायदा निराळा आहे. बोर्ड, पडदा, बटणे, बॅटरी, लहान पंखा आणि उष्णता शोषणारा धातूचा तुकडा हे सर्व अखेरीस एका पेटीत बसवले जाते. अलीकडे ही पेटी बहुधा त्रिमितीय मुद्रणयंत्रावर तयार करतात. २०२४ साली काही छंदिष्टांनी तर जेमतेम ६ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पेटीत वीचा गाभा बसवून दाखवला. मात्र त्यात पडदा आणि बॅटरी यांचा समावेश नव्हता.

या कामात शारीरिक धोकेही आहेत. काचतंतूंची धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्याने मास्क आणि चष्मा आवश्यक ठरतो. लिथियम सेलमध्ये शॉर्टसर्किट झाल्यास आग लागू शकते. त्यामुळे संरक्षक मंडलाविना असे सेल वापरणे धोक्याचे आहे.

नाश की पुनर्जन्म?

जुने खेळ आता संगणकावर किंवा मोबाइलवरही अनुकरण प्रणालीच्या साहाय्याने चालतात. मग मूळ यंत्र कापावे कशाला, असा प्रश्न उपस्थित होतो. मूळ चिपवर खेळ जसा निर्मात्यांनी योजला तसाच चालतो, हे छंदिष्टांचे एक उत्तर आहे. यंत्र आतून समजून घेण्याचा आनंद, हे दुसरे.

तरीही आक्षेप गैरलागू नाही. वी कन्सोल जगभरात १० कोटींहून अधिक विकले गेले असले, तरी मूळ वीचे उत्पादन २०१३ साली थांबले. चुकीच्या जागी कापलेला प्रत्येक बोर्ड म्हणजे पुन्हा न मिळणारी वस्तू गमावणे होय. यावर मध्यममार्ग उपलब्ध आहे. कन्सोल जुना झाला की डिस्क वाचणारे लेझर अनेकदा निकामी होते, पण मुख्य चिप शाबूत असतात. डिस्क ड्राइव्हची या कामात गरजच नसल्याने असा नादुरुस्त कन्सोल निवडणे हितावह ठरते. चालू स्थितीतील यंत्र त्यामुळे सुरक्षित राहते आणि अन्यथा ई-कचऱ्यात जमा होणाऱ्या यंत्राचा गाभा पुन्हा कामास येतो.