एक सलाईन लावा ना, डॉक्टर!

सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं अणदूर. हॅलो मेडिकल फाउंडेशनने इथे गावच्या बायकांना आरोग्याचे धडे देऊन ‘भारतवैद्य’ केलं, त्यावर स्टोरी करायला गेले आणि उन्हाने माझेच बारा वाजले! डॉक्टरांना म्हटलं, ‘सलाईन लावा, ताकद येईल.’

ते हसले. ‘अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. ताकद कुठली?’

तोंडाने पिता येत असेल, तर बहुतेकदा ओआरएस पुरतं. उलट्या थांबत नाहीत, लघवी बंद, शुद्ध हरपतेय, तेव्हा मात्र सलाईनच जीव वाचवतं. उगाच लावलं, तर हृदय-किडनीच्या पेशंटच्या फुप्फुसात पाणी भरू शकतं.

मी मुकाट्याने लिटरभर पाण्यात पुडी ढवळली. परतीच्या एसटीत एकदम फ्रेश!