रमाबाईंनी विचारलेला प्रश्न

जळगाव-धुळ्याच्या चर्चमध्ये येशूचे देवत्व हा श्रद्धेचा पाया मानतात. आरियस या धर्मोपदेशकाचे विरोधी मत नायसियाच्या धर्मपरिषदेने इ.स. ३२५ मध्येच फेटाळले. तरी पंडिता रमाबाईंनी येशूच्या देवत्वाचा प्रश्न पुन्हा, आणि केवढ्या धैर्याने, विचारला! २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे लेक मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला; पण येशूचे देवत्व आणि त्रैक्य त्यांनी निमूट मान्य केले नाही. परक्या देशात, आश्रयदात्यांच्याच छपराखाली राहून त्या वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. विवेकाचा हक्क त्यांनी कोणत्याही धर्मगुरूच्या हवाली केला नाही. पुढे त्यांची ख्रिस्तश्रद्धा दृढ झाली, तीही स्वतःच्या शोधातून. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ही इंग्रजी पत्रे प्रसिद्ध केली. ती मुळातून वाचावीत.